महेंद्ररावांचा चुंबक आणि मालनबाईंचा कान

महेंद्र दळवींनी चौतीस वर्षं एकच काम केलं आणि ते अगदी मन लावून केलं. त्यामुळे घरच्यांचे फार हाल झाले.

ठाण्यात पोखरण रोडला पूर्वी एक स्टीलचा कारखाना होता. आता तिथे टॉवर आहेत आणि टॉवरांच्या मधोमध पोहायचा तलाव. त्या कारखान्यात भंगार वितळवून नवं पोलाद करायचे. ट्रक भरभरून माल यायचा: मोडके नळ, फुटक्या जहाजांचे पत्रे, सायकली, दवाखान्यातल्या खाटा. त्यातलं भट्टीत काय जाणार आणि काय नाही, हे यार्डात ठरायचं आणि ते दळवी ठरवायचे. हातात दोरीला बांधलेला लोहचुंबक. चिकटला तर साधं लोखंड, डावीकडे. नाही चिकटला तर स्टेनलेस, उजवीकडे. चुकीचा माल भट्टीत गेला तर त्या दिवसाचं सगळं पोलाद वाया. चौतीस वर्षांत दळवींच्या पाळीला असं एकदाही झालं नाही, आणि हे ते कुणालाही, कधीही, न विचारता सांगत.

निवृत्तीच्या दिवशी यार्डातल्या माणसांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि एक नवा चुंबक दिला. खारकेएवढा, पण असला जबरदस्त की पहिल्याच दिवशी फ्रीजला चिकटला तो शेजारच्या आनंद सामंतांनी पाना आणून सोडवला. दळवींनी तो सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवला, आणि यार्ड गेलं म्हणून काय झालं, घराभोवतीची डोंबिवली होतीच की.

स्टेशनजवळच्या हॉटेलात त्यांनी पाण्याचे ग्लास तपासले. सोसायटीच्या जिन्याचा कठडा तपासला आणि वार्षिक सभेत उठून बिल्डरची लाज काढली. दातांच्या डॉक्टरकडे आ करण्याआधी हत्यारांना चुंबक लावला, सगळी चिकटली, तसे खुर्चीवरून उठून घरी आले. ती दाढ अजून दुखते आहे. घरातली तर एक वाटी सुटली नाही. चिकटलं ते हलकं, नाही चिकटलं ते अस्सल, एवढा साधा कायदा. शालूताईंच्या लग्नातली निम्मी भांडी या कायद्याखाली भंगारात गेली.

भांड्यांचं एक वेळ ठीक होतं. पण क्षिप्राचं काय? क्षिप्रा त्यांची एकुलती एक मुलगी, एकोणतीस वर्षांची, ठाण्यात फिजिओथेरपिस्ट. तिची दोन स्थळं या चुंबकाने घालवली होती. कल्याणच्या घरी पोह्यांच्या ताटल्या चिकटल्या आणि दळवी तिथल्या तिथे म्हणाले, "ताटल्या हलक्या आहेत." दुसऱ्या स्थळी मुलाच्या मनगटात स्टीलचं कडं होतं. दळवींनी नुसता हात पुढे केला, कडं चिकटलं आणि सुटेना. होणारे सासरे आणि होणारा जावई दहा मिनिटं हातात हात घालून बसले होते. मग जावई व्हायचं त्याने रद्द केलं.

आता तिसरा धनेश. हा कुणी सुचवलेला नव्हता, क्षिप्राने स्वतः निवडला होता. खांदा धरला म्हणून तिच्याकडे आलेला, खांदा बरा झाला तरी सहा महिने येत राहिला. माणसं घोडबंदर रोडच्या एका जुन्या गावातली, पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करणारी. आता शेतावर सतरा मजले उभे होते आणि त्यांच्या कुशीत यांचं स्वतःचं तीन मजली घर. रविवारी बघायला, म्हणजे खरं तर ठरवायला, जायचं होतं.

"बाबा," क्षिप्रा आदल्या दिवशी म्हणाली, "हे मोडलं तर मी तुमच्याशी आयुष्यभर बोलणार नाही. खरंच सांगते. चुंबक घरी ठेवायचा."

दळवींनी प्रयत्न केला. खिसा रिकामा करून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला त्यांना घाम फुटला, छातीत हलकं हलकं वाटतंय म्हणाले. शालूताई घाबरल्या. शेवटी तह झाला.

"बरं, खिशात राहू द्या. पण खिशातून बाहेर काढायचा नाही. शपथ घ्या," क्षिप्रा म्हणाली.

"खिशातून बाहेर काढणार नाही," दळवी म्हणाले. आणि या माणसाचं एक मानायला हवं, दिलेला शब्द तो तंतोतंत पाळायचा.

घोडबंदरचा ट्रॅफिक पार करून तिघं पोचली तेव्हा धनेशची आई मालनबाई दारातच उभ्या होत्या. ठसठशीत कुंकू, नाकात मोठी नथ, आवाज दोन इमारती ओलांडणारा.

"या, या! ट्राफिक लागला ना? आमाला तर आता तो नाय दिसला तर चुकल्यासारका वाटतं. बसा. धनेशचं बाबा येतान, वर कोंबड्यांना दानं टाकाला गेलेन."

दळवी बसले, आणि बसल्या बसल्या त्यांचा श्वास अडकला. समोरच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत स्टीलची मांडणी होती. हंडे, कळश्या, पराती, टोप, डबे, तांबे, सगळं घासूनपुसून ओळीत लावलेलं. आणि प्रत्येकावर कोरलेलं नाव. कुणी दिलं, कधी दिलं, कशाबद्दल दिलं. या घरात फोटोंचे अल्बम नव्हतेच. मालनबाईंचं लग्न, दोन बारशी, घरभरणी, सगळं त्या भिंतीवर होतं.

"ही परात मामानं. ह्या कलशा माज्या मावशीनं," मालनबाई बोटाने दाखवत सांगत होत्या. "भांडा नाय बोलाचा, मानूस बोलाचा."

दळवींना यातलं काही ऐकू गेलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच: चिकटेल, की नाही चिकटणार? डावा खिसा तापल्यासारखा वाटू लागला. क्षिप्रा त्यांच्याकडे टक लावून बघत होती. त्यांनी तिला दोन्ही रिकामे तळवे दाखवले.

धनेशची वहिनी कल्पिता चहा घेऊन आली. कप वाटून झाले, रिकामा ट्रे तिने क्षणभर टीपॉयवर ठेवला. मोठा, जाड काठाचा, सुरेख ट्रे. त्यावर कोरलेलं: "चि. मालन हिच्या लग्नात, भाऊ रतन याजकडून." दळवींचा हात आपसूक गेला. त्यांनी ट्रे उचलला, कौतुकाने पाहिला, आणि लेकरू उराशी धरावं तसा छातीशी धरला. चुंबक खिशातच होता. शब्द मोडला नव्हता.

टक्.

नेमके त्याच वेळी जिन्यावरून धनेशचे वडील धाकूशेठ खाली आले. "नमस्कार, नमस्कार!" म्हणत त्यांनी हात जोडले. दळवी चटकन उठले. समोर यजमान हात जोडून उभे, मग आपणही जोडायलाच हवेत. त्यांनी जोडले.

ट्रे छातीवरच राहिला.

धाकूशेठ ट्रेकडे बघत होते, दळवी छताकडे. कल्पिता तोंडाला पदर लावून आत पळाली.

"पावनं," धाकूशेठ शेवटी म्हणाले, "ह्यो कंच्या स्पर्धेन मिलाला?"

"आमच्या यांना जरा... सवय आहे," शालूताई म्हणाल्या. बिचारीला आणखी काय सुचणार!

मालनबाई पुढे आल्या. ट्रेचे काठ धरून त्यांनी ओढलं, तसे दळवीही दोन पावलं ओढले गेले. मग धनेशने मागून त्यांना धरलं, मालनबाईंनी जोर केला आणि ट्रे सुटला. सदऱ्याचं एक बटण उडून चिवड्यात पडलं.

"चुंबक?" मालनबाई म्हणाल्या. "माज्या भावाचा ट्रे तपासलाव तुमी?"

"बाबा फक्त..." क्षिप्राने सुरुवात केली.

"तू थांब गो बाय. त्यांना बोलू दे. काय निघाला तपासान?"

आता इथे शहाण्या माणसाने 'उत्तम आहे' म्हटलं असतं आणि चिवडा खाल्ला असता. दळवींनी क्षिप्राकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक. त्यांनी मनातल्या मनात तीनदा 'उत्तम आहे' म्हणूनही पाहिलं. पण चौतीस वर्षांची सवय जिभेवर बसली होती.

"ट्रे हलका आहे," ते म्हणाले.

मालनबाईंनी पदर खोचला. "चुंबकानं काय कलतं? माज्या मायनं शिकवलंय, भांडा वाजवून घ्याचा. खनखन वाजला त खरा. चालीस वरसां माजा कान चुकला नाय. तुमी काय आनलाव त्यान?" त्यांची नजर शालूताईंनी आणलेल्या डब्यावर गेली. दळवींनी स्वतः तपासून घेतलेला, चुंबक न चिकटणारा, "म. गो. दळवी" असं ठसठशीत नाव घातलेला. मालनबाईंनी त्यावर बोटाची पेरं आपटली.

भद्द.

"ऐकलाव? मडका वाजतं ह्यापेक्षा बरा."

"अहो, आत बेसनाचे लाडू आहेत," शालूताई काकुळतीला येऊन म्हणाल्या.

लाडू परातीत काढले. पुन्हा वाजवला. पुन्हा भद्द, जरा रिकामा भद्द.

"आमच्या यार्डात—" दळवी.

"आमच्या घरान—" मालनबाई.

दोघं एकदमच बोलू लागली. एक भांडं छातीच्या खिशाला लावी, दुसरी वाजवी. मांडणीवरून टोप उतरले, कळश्या उतरल्या. टक्, खण्ण, टक्, भद्द. धाकूशेठ लाडू खात बसले. समोरच्या टॉवरच्या चौथ्या मजल्यावरची माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली.

"आई, पुरे," धनेश म्हणाला. "एवढ्यासाठी भांडताय? गाडीत मशीन आहे माझं."

हे तो बोलला आणि क्षिप्राने डोळ्यांनी त्याला नको नको म्हणून किती खुणावलं, पण उशीर झाला होता. धनेश डोंबिवली एमआयडीसीतल्या धातू तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होता. कारखान्यांत जाऊन माल तपासायचा. यंत्र पिस्तुलासारखं, मालाला टेकवून घोडा दाबायचा, की पाठीमागच्या स्क्रीनवर त्यात काय काय आहे ते टक्केवारीने येतं. ते दिवसभर धरून धरूनच त्याचा खांदा गेला होता. दोन वर्षांपूर्वी एका मालकाने रिपोर्टातला एक आकडा बदलून मागितला होता. धनेशने नाही म्हटलं, ते गिऱ्हाईक कायमचं गेलं, तरी त्याने आकडा बदलला नाही. क्षिप्रा त्याच्यात गुंतली ती या गोष्टीवर. वडिलांवर गेलाय, असं तिला वाटलं होतं, म्हणजे तिच्या स्वतःच्या वडिलांवर.

"लाव मामाचे ट्रेला," मालनबाईंनी हुकूम सोडला.

धनेशने गाडीतून यंत्र आणून टेकवलं. "क्रोमियम सोळा. निकेल नाही. चारशे तीस नंबरचं स्टील."

"म्हणजे हलका," दळवी म्हणाले.

"हलका नाही काका. वेगळ्या जातीचा. निकेल नसलं की चुंबक चिकटतो, पण तो खोटा नाही. इंडक्शनच्या शेगडीला असलंच भांडं लागतं. तुमच्या घरातल्या सुऱ्यासुद्धा ह्याच्या भाऊबंदांतल्या."

मालनबाईंनी मान ताठ केली. "आता त्यांचा डबा."

यंत्राने दोन सेकंद विचार केला. धनेशने स्क्रीन पाहिला, मग दळवींकडे, मग पुन्हा स्क्रीन. "निकेल एक. मँगनीज नऊ. दोनशे सिरीज." तो खाली बघून म्हणाला, "महाग निकेल वाचवायला मँगनीज घालतात. त्याला चुंबक चिकटत नाही, पण माल कमी प्रतीचाच. खारट, आंबट ठेवलं की डाग पडतात."

दळवी मटकन खाली बसले. चिकटला नव्हता. त्यांनी दुकानात तीनदा लावून पाहिला होता.

"म्हणजे आत्तापर्यंत..." ते शालूताईंकडे वळले. "शालू, तुझ्या आईने दिलेला तो टोप—"

"राहू द्या हो आता," शालूताई म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. चिपळूणहून आणलेला टोप तो. दळवींना स्वतःचा भयंकर राग आला.

"यार्डात तुम्ही बरोबरच होता काका," धनेश घाईने म्हणाला. "लोखंड वेगळं काढायला चुंबकच हवा. घरात तेवढ्यावर नाही भागत."

मालनबाई मात्र रंगात आल्या होत्या. त्यांनी मांडणीच्या अगदी मधून एक तांब्या काढला. सासूने दिलेला, घरातला सगळ्यात खणखणीत. नखाने टिचकी मारली तर खोलीभर घुमला. "ह्याला लाव. मंग बोल."

धनेशने लावला. "दोनशे एक," तो पुटपुटला. "आई, पत्रा पातळ असला की वाजतो. जाड भांड्याचा आवाज बसकाच असतो."

मालनबाईंनी तांब्याला पुन्हा टिचकी मारून पाहिली. तेवढ्यात धाकूशेठना, लाडू संपल्यामुळे असेल, एक कल्पना सुचली. ते गच्चीवर गेले आणि काळपट पडलेला एक टोप घेऊन आले. कोंबड्यांचा पाण्याचा टोप. काठाला पीस चिकटलेलं.

"ह्याला लाव रं."

"त्यो कशाला? त्यो वाजतच नाय!" मालनबाई ओरडल्या.

"क्रोमियम अठरा, निकेल आठ," धनेश म्हणाला. "तीनशे चार. एक नंबर माल."

धाकूशेठनी पीस काढून काठाखालचं नाव अंगठ्याने पुसलं आणि मोठ्याने वाचलं: "वहिनीस, नणंद विनिता हिजकडून." मग छाती फुगवून म्हणाले, "माज्या बयनीनं दिल्ला. तेवीस वरसां कोंबड्या पानी पितान त्यान."

हे बोलायला नको होतं. विनिताआत्या आणि मालनबाईंचं तेवीस वर्षं कसं होतं ते गावाला ठाऊक होतं. मालनबाईंचा चेहरा असा पडला की धाकूशेठनी टोप पाठीमागे लपवला. मघाशी दोन इमारती ओलांडणारा आवाज आता खोलीतल्या खोलीत ऐकू येईना. "टोप वाजला नाय म्हून मी भिकार बोलली होती तिला," त्या म्हणाल्या. "घरभरनीच्या भरल्या मांडवान."

सगळी खाली मान घालून बसली. दोन म्हातारी माणसं, दोघांचंही आयुष्यभराचं शहाणपण अर्ध्या तासात गेलेलं, आणि ते घालवणारा पोरगा हातात यंत्र धरून मधे उभा. दळवींना तिथे बसवेना. आपण कुणाला कशाला तपासतो? लायकी काय आपली? ते उठले. "येतो आम्ही," म्हणाले.

मालनबाईंनी 'बसा' म्हटलं नाही.

शालूताईंनी रिकामा डबा उचलला. क्षिप्रा तशीच बसून होती. तिने धनेशकडे पाहिलं. रागावली असती, रडली असती तर परवडलं असतं. ती नुसती बघत राहिली, हातातली गोष्ट निसटून चाललेल्या माणसासारखी.

धनेशने यंत्र वर उचललं, उलटंपालटं केलं आणि त्यावर एक थाप मारली.

"अरेच्चा," तो म्हणाला. "बॅटरी उतरलीय की याची!"

सगळ्यांनी वर पाहिलं.

"बॅटरी उतरली की हे वाट्टेल ते आकडे दाखवतं. आजचं काही धरू नका. सगळं चुकीचं."

"मी बोलतच होती!" मालनबाईंचा आवाज परत आला. "चालीस वरसांचा कान. ह्यो डबडा कवाचा?"

"मागच्या वर्षीचा."

"मंग!" असं म्हणून त्यांनी विजयी मुद्रेने दळवींकडे पाहिलं, आपल्याच पक्षातल्या माणसाकडे पाहावं तसं.

दळवी दाराशी थांबले होते. धनेशच्या हातातल्या यंत्राचा स्क्रीन नेमका त्यांच्या बाजूला होता. कोपऱ्यात बॅटरीचं चित्र. हिरवंगार, काठोकाठ भरलेलं. दळवींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. भरलेलंच. मग त्यांनी पोराकडे पाहिलं. धनेशचे कान लालबुंद झाले होते. गिऱ्हाईक गेलं तरी ज्याने एक आकडा बदलला नाही, त्याने आज सगळे आकडे एका फटक्यात खोटे ठरवले होते. ते कुणासाठी, हे कळायला दळवींना चुंबक लागला नाही.

या एका मालाला डावीकडे टाकावं की उजवीकडे, हे त्यांना जन्मात पहिल्यांदा कळेना. मग कळलं. ते परत आले आणि आपल्या जागी बसले.

"होतं असं," ते गंभीरपणे म्हणाले. "बॅटरी उतरली की आमच्या यार्डातला काटासुद्धा वेडंवाकडं वजन दाखवायचा."

त्यांनी मालनबाईंकडे पाहिलं. मालनबाईही स्क्रीनकडेच बघत होत्या. दोघांची नजरानजर झाली. मालनबाईंनी पदराचा शेव सोडवला, पुढे होऊन यंत्रावर टाकला आणि ते पोराच्या हातातून काढून मांडणीच्या मागे ठेवून दिलं.

"मंग दलवीसायेब," त्या म्हणाल्या, "सुपारी कवा फोडाची?"

"आजच फोडू," दळवी म्हणाले. "बॅटरी चार्ज व्हायच्या आत."